पाटीवरची बारीक अक्षरं: ठाणे-नवी मुंबईत स्त्री-आरोग्याच्या डॉक्टर, सिस्टर आणि शिक्षिकांच्या पात्रतेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाटीवर ‘स्त्रीरोगतज्ज्ञ व प्रसूतितज्ज्ञ’ असं लिहिलंय. एवढं पुरेसं नाही का?

नाही. तो शब्द रंगाऱ्याला सांगून कुणालाही लिहून घेता येतो. वाचायची ती नावाखालची बारीक अक्षरं.

समजा पाटीवर ‘एमबीबीएस, डीजीओ, डीएनबी, एफआयसीओजी’ असं आहे. डावीकडून सुरुवात करू. एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. अॅलोपॅथीच्या प्रत्येक डॉक्टरचा पाया हाच. डीजीओ म्हणजे त्यानंतर प्रसूती आणि स्त्रीरोग या विषयात दोन वर्षांची पदविका. डीएनबी ही राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदव्युत्तर पदवी. एमबीबीएसनंतर थेट केली तर तीन वर्षं लागतात, डीजीओनंतर दोन. शेवटचं एफआयसीओजी हे प्रशिक्षण नव्हे. स्त्रीरोगतज्ज्ञांचा देशव्यापी महासंघ, म्हणजे ‘फॉग्सी’, त्याच्या शैक्षणिक शाखेची ती फेलोशिप आहे. सन्मान म्हणून चांगलीच, पण त्या अक्षरांमुळे हातात नवीन शस्त्रक्रिया येत नाही.

एमडी मोठं की एमएस?

या विषयात दोन्ही सारखीच. दोन्ही तीन वर्षांची, दोन्हींत सिझेरियन आणि गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया शिकवतात. जुन्या डॉक्टरांकडे बहुधा एमडी दिसते, नव्यांकडे एमएस. ‘एमडी म्हणजे औषधवाले आणि एमएस म्हणजे ऑपरेशनवाले’ हा हिशेब इथे लागू नाही. पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची आहे की नेरुळ-कामोठ्याच्या एखाद्या अभिमत विद्यापीठाची, यानेही कायद्याच्या दृष्टीने फरक पडत नाही.

मग ‘एमडी’ दिसली की डोळे झाकून विश्वास ठेवावा?

थांबा. कुठली एमडी ते बघा. रशिया आणि आसपासच्या देशांत वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्याच पदवीला ‘एमडी’ म्हणतात. ती आपल्या एमबीबीएसच्या बरोबरीची. तिथून आलेल्यांना भारतात परदेशी पदवीधरांसाठीची चाचणी परीक्षा उत्तीर्ण होऊन मगच नोंदणी मिळते. ते रीतसर डॉक्टर असतात, पण तेवढ्यावरून स्त्रीरोगतज्ज्ञ ठरत नाहीत. अमेरिकेतही एमडी ही पहिली पदवी, त्यापुढे चार वर्षांची रेसिडेन्सी करावी लागते.

आपल्या कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून जी एमडी घेऊन आल्या, तीही याच अर्थाची, म्हणजे पहिली वैद्यकीय पदवी होती. प्रबंध मात्र त्यांनी हिंदूंच्या प्राचीन प्रसूतिशास्त्रावर लिहिला होता.

आयुर्वेदात एमडी आणि एमएस आहेत, होमिओपॅथीतही एमडी आहे. ‘एमडी’च्या पुढे ‘एएम’ किंवा ‘पर्यायी चिकित्सा’ असं काही दिसलं, तर ती वैद्यक परिषदेने मानलेली पदवी नाही.

डीजीओ आणि सीजीओ यांत फरक काय? एका अक्षराचाच तर आहे.

त्या एका अक्षरात दोन वर्षं आहेत. डीजीओ ही एमबीबीएसनंतरची पूर्णवेळ पदविका. सीजीओ हे छोट्या मुदतीच्या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र, बहुतेकदा बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी) झालेल्यांच्या नावापुढे दिसणारं. ते असलेली व्यक्ती वाईट डॉक्टर असते असं नव्हे. पाळीच्या साध्या तक्रारींना ती व्यवस्थित ऐकून घेईल आणि वेळेवर पुढे पाठवेलही. पण त्या प्रमाणपत्रावर कुणी सिझेरियन करणार असेल तर तिथून उठा. पाटी फ्लेक्सची असली आणि ऊन लागून अक्षरं उडालेली असली की ‘डी’ आणि ‘सी’ हमखास सारखे दिसतात. केसपेपरवर छापलेलं वाचा.

इग्नूची माता-बाल आरोग्य पदविका, म्हणजे पीजीडीएमसीएच, हीसुद्धा डीजीओ नव्हे.

एमआरसीओजी म्हणजे लंडनला शिकलेले का?

तसंच असेल असं नाही. लंडनच्या रॉयल कॉलेजची ही तीन भागांची सदस्यत्व परीक्षा आहे. परीक्षा कठीण आहे आणि ती दिलेला डॉक्टर वाचन ठेवणारा असतो. पण ब्रिटनमधलं सात वर्षांचं प्रशिक्षण ही वेगळी गोष्ट. परीक्षा दिली म्हणजे ते प्रशिक्षण पूर्ण झालं असं होत नाही.

नोंदणी खरी आहे का, ते घरबसल्या कसं तपासायचं?

आधी केसपेपर किंवा चिठ्ठीवरचा नोंदणी क्रमांक शोधा. चिठ्ठीवर तो लिहिणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. अॅलोपॅथीच्या डॉक्टरांचा क्रमांक महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा असतो. अलीकडच्या क्रमांकांत वर्ष, महिना आणि अनुक्रम तिरप्या रेघांनी तोडलेले असतात, जुन्यांत नुसते आकडे. क्रमांक ‘आय’ने सुरू होत असेल तर नोंदणी भारतीय चिकित्सा परिषदेची, म्हणजे डॉक्टर आयुर्वेदाचे किंवा युनानीचे. होमिओपॅथीची परिषद वेगळी आहे.

मग परिषदेच्या संकेतस्थळावर क्रमांक टाका. नावाने शोधलं की इथेच बहुतेकांची गाडी अडते. कितीतरी महिला डॉक्टरांची नोंदणी माहेरच्या नावावर असते आणि पाटी सासरच्या. नाव सापडलं नाही म्हणून लगेच ‘बोगस’ म्हणून ग्रुपवर टाकू नका, क्रमांकाने शोधा.

सापडल्यावर दोन गोष्टी बघा. एक, नूतनीकरणाची तारीख. नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यासाठी त्या काळात शिक्षण-कार्यक्रमांचे ३० गुण जमवावे लागतात. दोन, ‘अतिरिक्त अर्हता’. डीजीओ, एमएस, डीएनबी यांची नोंद एमबीबीएसच्या नोंदीहून वेगळी करावी लागते. पाटीवर एमएस आहे आणि नोंदीत फक्त एमबीबीएस, तर कारण विचारायला हरकत नाही. कधी डॉक्टर नुकतेच उत्तीर्ण झालेले असतात आणि नोंद व्हायची असते, कधी उत्तरच मिळत नाही.

आमच्या सोसायटीसमोरच्या प्रसूतिगृहात आयुर्वेदाच्या एमएस मॅडम आहेत. त्या प्रसूती करू शकतात का?

आयुर्वेदात ‘प्रसूतितंत्र व स्त्रीरोग’ हा तीन वर्षांचा रीतसर पदव्युत्तर विषय आहे. बीएएमएसही साडेचार अधिक एक वर्षाचं. त्यामुळे ‘त्या डॉक्टरच नाहीत’ हे बोलणं चूक. शस्त्रक्रियांबद्दल २०२० च्या ज्या अधिसूचनेचा हवाला दिला जातो, ती ५८ शस्त्रक्रियांची यादी शल्य (शस्त्रक्रिया) आणि शालाक्य (डोळे, कान, नाक, घसा) या दोन शाखांसाठी आहे, प्रसूतितंत्रासाठी नाही. व्यवहारात प्रश्न असा विचारा: सिझेरियन लागलं तर सुरी कोण धरणार, भूल कोण देणार, आणि ते दोघं किती मिनिटांत पोचणार? नावं मिळाली तर त्यांचेही क्रमांक तपासा.

बीएचएमएस डॉक्टर ‘सीसीएमपी केलंय’ म्हणतात. ते काय असतं?

होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी आधुनिक औषधांचा एक वर्षाचा अभ्यासक्रम. स्त्रीरोगाचं प्रशिक्षण नव्हे.

रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तर तिथे नेमकं कोण असतं?

खरं तर पहिला प्रश्न हाच असायला हवा, पण भेटीत तो क्वचितच कुणी विचारतं. पाटीवर ज्यांचं नाव आहे त्या मॅडम रात्री घरी असतात, आणि त्यात गैर काही नाही. लहान प्रसूतिगृहात रात्री असतात ते आरएमओ (म्हणजे तिथेच ड्युटीवर असलेले डॉक्टर), एक सिस्टर आणि एक मावशी. आरएमओ बऱ्याच ठिकाणी बीएएमएस किंवा बीएचएमएस असतात. त्यांचं काम लक्ष ठेवणं आणि वेळेत फोन करणं. घोटाळा होतो तो फोन उशिरा केल्याने, किंवा फोनवर ‘सगळं ठीक आहे’ असं सांगितल्याने.

म्हणून सातव्या-आठव्या महिन्यातच हे विचारून ठेवा. मॅडम कुठे राहतात? घोडबंदर रोडवर संध्याकाळी कापूरबावडीचा सिग्नल ओलांडायलाच किती वेळ जातो ते ठाणेकरांना सांगायला नको. ऐरोलीत प्रसूतिगृह आणि डॉक्टर पनवेलला, असंही असतं. मॅडम गावाला गेल्या तर त्यांच्या जागी कोण? भूलतज्ज्ञ एमडी किंवा डीए (भूलशास्त्राची पदविका) असतात आणि एकटेच चार-पाच ठिकाणी जातात. ते दुसरीकडे केसमध्ये अडकले असतील तर? तातडीच्या सिझेरियनला निर्णयापासून बाळ बाहेर येईपर्यंत ३० मिनिटं हे जगभर मानलेलं माप आहे. बाळासाठी बालरोगतज्ज्ञ येतात की नुसते फोनवर असतात? रक्त कुठून आणतात, आणि आणायला माणूस कोणाचा, तुमचा की त्यांचा?

कळांच्या खोलीत काय चाललंय ते नातेवाइकांनाही थोडं कळू शकतं. कळा नीट सुरू झाल्या की बाळाचे ठोके साधारण दर अर्ध्या तासाने आणि जोर लावायच्या टप्प्यात दर पाच मिनिटांनी ऐकून लिहायचे असतात. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनची १० युनिटं दंडात किंवा मांडीत टोचतात, रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून. हे करणारी व्यक्ती बहुतेक वेळा सिस्टर असते, डॉक्टर नव्हे. म्हणून पुढचा प्रश्न.

‘सिस्टर’ म्हणजे नक्की कोण?

पांढरा कोट किंवा गुलाबी गणवेश घातलेल्या सगळ्या जणी नर्स नसतात. नर्सिंगच्या अभ्यासक्रमांत एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा. तिघींची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे. नावापुढे ‘आरएन-आरएम’ असेल तर दुसरा भाग ‘नोंदणीकृत सुईण’ असा आहे. लहान दवाखान्यांत बारावी झालेल्या मुली काम करता करता शिकतात. त्या बीपी मोजतात, गादी बदलतात, धीर देतात. प्रसूतीच्या खोलीत मात्र निदान एक तरी नोंदणीकृत नर्स हवी. ‘ताई, तुमचं जीएनएम की एएनएम?’ असं सहज विचारा. शिकलेल्या सिस्टर अभिमानाने सांगतात.

सरकारने २०१८ मध्ये परिचारिकांसाठी १८ महिन्यांचं सुईण-प्रशिक्षण आणलं. ते केलेल्या नर्स जोखीम नसलेली नैसर्गिक प्रसूती स्वतः करण्यासाठी तयार केलेल्या असतात. आशाताईंचं काम वेगळं: घरी येऊन आठवण करणं, नोंद, सोबत. त्या तपासणी करत नाहीत आणि तशी अपेक्षाही ठेवू नये.

सोनोग्राफी कोण करू शकतं?

रेडिओलॉजिस्ट, पदव्युत्तर स्त्रीरोगतज्ज्ञ, किंवा सहा महिन्यांचं ठरावीक प्रशिक्षण घेतलेले एमबीबीएस. ‘टेक्निशियन मुलगा करतो, मॅडम सही करतात’ हे गर्भवतीच्या बाबतीत चालत नाही. सोनोग्राफी केंद्राचं नोंदणी प्रमाणपत्र आणि ‘इथे लिंगनिदान केलं जात नाही’ ही मराठी पाटी दर्शनी भागात हवी. एफ फॉर्म (गर्भवतीच्या सोनोग्राफीची नोंद) भरून घेतात तो कायद्यामुळे, त्याला घाबरायचं कारण नाही.

गर्भपातासाठी कोणती पात्रता लागते? नवऱ्याची सही?

गर्भपात फक्त अॅलोपॅथीच्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच करायचा. पदव्युत्तर स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा नियमांत सांगितलेला अनुभव असलेले एमबीबीएस. २५ केसमध्ये मदत केलेली आणि त्यांतल्या पाच स्वतः केलेल्या, एवढ्याच अनुभवावर असलेल्यांना १२ आठवड्यांपर्यंतच परवानगी. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी दोघांचं लागतं. जागेचं मान्यता प्रमाणपत्र भिंतीवर दिसलं पाहिजे.

अठरा वर्षांवरच्या स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. काही ठिकाणी तरी मागतात, ती त्यांची सोय. केमिस्टकडून गोळ्या आणून घरी घेणं मात्र सगळ्यात धोक्याचं, कारण गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असेल तर गोळ्यांनी तो जात नाही आणि नळी फुटू शकते.

‘वंध्यत्वतज्ज्ञ’ ही पदवी आहे का?

त्या नावाची नाही. शोधायचं ते असं: पदव्युत्तर स्त्रीरोग आणि त्यावर प्रजनन वैद्यकाची एफएनबी, म्हणजे राष्ट्रीय परीक्षा मंडळाची फेलोशिप, जी दोन वर्षांची असते, किंवा त्या विषयातली डीएम वा एमसीएच, म्हणजे एमडी-एमएसच्या पुढची पदवी. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन कायद्याखालच्या नियमांत स्त्रीबीज काढण्याच्या ५० प्रक्रिया देखरेखीखाली केल्याची अट आहे. केंद्रांचेही दोन स्तर आहेत. पहिल्या स्तरावर फक्त आययूआय (वीर्य गर्भाशयात सोडणं), आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) दुसऱ्या स्तरावर. पाटीवर ‘आयव्हीएफ’ आणि नोंदणी पहिल्या स्तराची, म्हणजे बीज काढणार दुसरीकडेच. प्रयोगशाळेत एम्ब्रिऑलॉजिस्ट, म्हणजे गर्भ तयार करणारा तज्ज्ञ, पूर्णवेळ आहे की अनेकींची प्रक्रिया एकत्र ठेवतात त्या ‘बॅच’च्या दिवशी येतो, हेही विचारा. निकालात त्याच्या हाताचा वाटा मोठा असतो आणि त्याचं नाव जाहिरातीत नसतं.

कर्करोगाचा संशय असेल तर नेहमीच्या मॅडमकडेच ऑपरेशन करावं का?

बीजकोशाची गाठ संशयास्पद वाटली तर आधी स्त्री-कर्करोगाची एमसीएच किंवा तसं प्रशिक्षण असलेल्यांचं मत घ्या. पहिल्या शस्त्रक्रियेत गाठ फुटली किंवा अर्धवट निघाली तर पुढचं सगळं गणित बदलतं. टाटाचं केंद्र खारघरला आहे, नवी मुंबईकरांना परळपर्यंत जायलाच हवं असं नाही.

गर्भसंस्कार किंवा प्रसूतिपूर्व वर्ग घेणाऱ्यांना परवाना लागतो का?

नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. या कामाला भारतात परिषद नाही. कुणी लामाझ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं एलसीसीई हे प्रसूतिपूर्व शिक्षिकेचं प्रमाणपत्र घेतलेलं असतं, ते दर तीन वर्षांनी नवं करतात. कुणी मूळच्या फिजिओथेरपिस्ट किंवा नर्स असतात, कुणाचं दोन दिवसांचं ऑनलाइन शिबिर झालेलं असतं. तिघींच्याही पाटीवर ‘प्रमाणित’.

परीक्षा घ्यायला एक साधा प्रश्न पुरतो: ‘लोहाच्या गोळ्या कशा घेऊ?’ जाणकार शिक्षिका सांगेल की चहाबरोबर नको, कॅल्शियमबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर चालेल, शौच काळी होते ते नेहमीचंच, आणि किती घ्यायच्या ते डॉक्टरांना विचारा. जी म्हणेल ‘गोळ्या उष्ण पडतात, बीट-खजूर खा, बंद करा’, तिच्याकडची फी परत मागा. ‘नॉर्मलची गॅरंटी’ कुणीच देऊ शकत नाही. आणि मुलगाच व्हावा म्हणून आहार-मुहूर्त सांगणारी जाहिरात हा गुन्हा आहे.

दुला म्हणजे कळांच्या वेळी सोबत करणारी, पाठ चोळणारी, श्वास मोजणारी. ती आतून तपासत नाही आणि ठोके ऐकून निर्णय देत नाही. तसं करू लागली तर तिने हद्द ओलांडली.

स्तनपान सल्लागार कशी ओळखायची?

आयबीसीएलसी हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र सगळ्यात कसाचं. त्यासाठी ९५ तासांचं स्तनपान-शिक्षण, शेकडो तास प्रत्यक्ष काम आणि परीक्षा लागते, आणि दर पाच वर्षांनी ते टिकवावं लागतं. पण प्रमाणपत्रापेक्षा पहिली भेट बोलकी असते. तिने बाळ पाजताना पूर्ण वेळ बघितलं का? हनुवटी स्तनाला टेकली आहे का, ओठ बाहेर वळले आहेत का, गिळण्याचा आवाज येतो का, हे बघून वजनाची नोंद मागितली का? की आल्या आल्या पावडरीच्या डब्याचं नाव सांगितलं? १९९२ च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या पावडरीचा प्रचार बंद आहे. कंपनीचं कॅलेंडर भिंतीवर असेल तर तेही बघून ठेवा.

ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम कुणाकडून शिकावेत?

फिजिओथेरपिस्टकडून. त्यांची पदवी बीपीटीएच हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि सहा महिने इंटर्नशिप. वर एमपीटीएच ही पदव्युत्तर पदवी असेल आणि स्त्री-आरोग्याचं काम असेल तर उत्तम. नुसतं ‘केगल करा’, म्हणजे तळाचे स्नायू आवळा-सोडा, असं म्हणणारे खूप. कितीतरी बायका श्वास रोखतात किंवा नितंब आवळतात आणि स्नायू हलतच नाही, असं व्यवहारात दिसतं. साधारण माप असं: आठ आकुंचनं, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. मात्र संबंधांच्या वेळी दुखत असेल तर स्नायू आधीच आवळलेले असू शकतात, तेव्हा केगलने दुखणं वाढतं. हा फरक तपासल्याशिवाय कळत नाही, आणि आतून तपासण्याआधी तुमची परवानगी घ्यायलाच हवी.

आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक?

आहारात ‘आरडी’, म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञ, बघा. बाळंतपणानंतर मन उदास असेल तर औषध लिहू शकतात ते मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, क्रमांक असतो. किशोरवयीन मुलींसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक असतं, तिथल्या समुपदेशक मोफत बोलतात.

कळव्याच्या किंवा नेरुळच्या शिकाऊ डॉक्टरांकडे प्रसूती करवून घ्यावी का?

कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे. नेरुळ-कामोठ्यातही शिकवणारी मोठी रुग्णालयं आहेत. तिथले निवासी डॉक्टर एमबीबीएस झालेले, स्त्रीरोगाच्या पहिल्या ते तिसऱ्या वर्षाला असतात. गर्दी असते, खाट दोघींत वाटून घ्यावी लागू शकते, बोलणं तुटक असतं. पण रात्री दोन वाजता डॉक्टर आवारातच असतात, भूलतज्ज्ञही, आणि एखाद्या तिसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरने बघितलेल्या अवघड केसेस खासगीतल्या कित्येकांपेक्षा जास्त असतात. जोखमीच्या गरोदरपणात आम्ही याच बाजूला झुकतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत तज्ज्ञांकडून मोफत तपासणी असते, ती तर चुकवूच नये.

पात्रतेबद्दल तक्रार कुठे करायची?

अॅलोपॅथीच्या डॉक्टरांविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, बाकीच्यांविरुद्ध त्यांच्या त्यांच्या परिषदेकडे. नोंदणीच नसेल तर महापालिकेच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि पोलिसांत. १९६१ च्या कायद्यात बोगस डॉक्टरांवर कारवाई आहे. प्रसूतिगृहाची नोंदणी पालिकाच करते, आणि दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद लावली नसेल तर तेही तिथेच सांगा. त्याआधी कागद हातात घ्या. लेखी मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. अर्जाच्या प्रतीवर तारखेसकट पोचशिक्का घ्या.

हे सगळं विचारलं तर मॅडम रागावणार नाहीत का?

बाहेरच्या काउंटरवर विचारा, आणि असं विचारा: ‘मॅडमचा रजिस्ट्रेशन नंबर आणि क्वालिफिकेशन लिहून द्याल का? मेडिक्लेमच्या फॉर्ममध्ये लागतं.’ खरंच लागतं.